मंद म्हणजे मऊ नव्हे

दारूबद्दल सायमा निस्कालाला कोणी अक्कल शिकवायला गेलं, तर ती आधी त्याला कॉफी पाजायची आणि मग उभा-आडवा झोडायची. दारू म्हणजे बंदुकीची, बरं का. प्यायच्या दारूबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. ते खातं तिचा धाकटा दीर व्हेर्नर समर्थपणे सांभाळत होता.

तळघरातल्या खिडकीखाली तिचं टेबल होतं. त्यावर काडतुसं भरायचा दांडपट्ट्यासारखा लांब मुठीचा प्रेस, वजनाचा नाजूक काटा, पितळी पुंगळ्यांचे डबे, आणि भिंतीला लागून दारूचे डबे. शेजारच्या सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, भट्टी पेटली की हे सगळे डबे जिन्याखालच्या लाकडी कपाटात जायचे. त्यात कधीही हयगय नाही. हयातभर शाळेची बस बर्फातून चालवलेली बाई, तिच्या नाकावर माशी बसायची बिशाद नव्हती. निस्काला लोकांच्या कॅम्पवरचे, म्हणजे जंगलातल्या शिकारीच्या घरातले, सगळे पुरुष वर्षानुवर्षं तिनेच भरलेली काडतुसं वापरायचे. एकाचंही काडतूस अडकलं नाही, एकाचीही बंदूक रुसली नाही. ही गोष्ट ती स्वतः चारचौघांत सांगायची, आणि कोणी सांगितली नाही तर दोनदा सांगायची.

तिचा नवरा आर्विड मागच्या हिवाळ्यात छपरावरचं बर्फ ढकलताना खाली आला आणि उजवा खांदा फाडून बसला. डॉक्टरांनी खांदा शिवला, पण बजावलं की जुन्या बंदुकीला आता रामराम करा. त्याची ती हाताने खिट्टी ओढून भरायची बंदूक म्हणजे खेचरच होतं, लाथ मारली की दात हलायचे. हरणांचा सीझन तोंडावर आलेला, आणि आर्विडने कॅम्प चुकवला असं लग्नाच्या वर्षीसुद्धा झालं नव्हतं. उन्हाळाभर तो गप्प गप्पच होता. सायमाला कळत होतं की हा माणूस या वर्षी कॅम्पला गेला नाही तर पुढच्या वर्षी जायचं नावच काढणार नाही. आधी बंदूक सुटेल, मग जंगल, आणि मग तो खिडकीशी खुर्ची टाकून बसेल. तिच्या वडिलांचं हेच झालेलं तिने पाहिलं होतं.

म्हणून तिने व्हेर्नरला गाठलं. त्याच्याकडे एक आपोआप भरणारी शिकारी बंदूक होती. एक गोळी सुटली की ती स्वतःच रिकामी पुंगळी फेकते आणि पुढचं काडतूस आत घेते. त्या सगळ्या खटपटीत बराचसा धक्का बंदुकीच्या पोटातच जिरतो आणि खांद्याला कमी बसतो.

"नेतेस तर ने," व्हेर्नर म्हणाला, "पण आहे तशी परत दे हां, सायमा. आतली दांडी वाकली तर जगात कुठे मिळायची नाही. कारखान्याने ती बनवायची केव्हाच बंद केलीय."

"माझी काडतुसं घालून वाकेल होय रे?"

"तुझी काडतुसं म्हणूनच देतोय. नाहीतर सख्ख्या भावालासुद्धा दिली नसती."

"सख्ख्या भावालाच देतोयस, मेल्या."

दारू कुठली घ्यायची हा विचार सायमाने असा मन लावून केला की लोक मुलीचं स्थळ तरी काय बघतील! वेलदोडे घातलेला निसू, तो गोड पाव, कापून तिने आर्विडपुढे ठेवला, कॉफी ओतली, आणि त्याच्या नाकासमोर सगळे डबे मांडले.

"नीट ऐक. ही बंदूक आपलं ताट आपणच वाढून घेते. गोळी नळीतून पळते ना, तिच्या वाटेत एक बारीक भोक आहे. तिथून बंदूक घोटभर धूर चोरते आणि त्या जोरावर दांडी मागे ढकलते. धूर कमी पडला तर उपाशी, जास्त झाला तर अपचन. म्हणून दारू मधल्या चालीची हवी. ही मंद दारू बघ, व्हेर्नरच्या त्या दुसऱ्या तोफेएवढ्या बंदुकीसाठी आणलेली, लांब लांब दाण्यांची. ही आपल्याला चालायची नाही. ही अगदी जलद, तीही नको. ही मधली. कळलं?"

आर्विडने निसू कॉफीत बुडवला. "धक्का किती बसेल?"

"जुन्या बंदुकीच्या निम्मा. चैन आहे तुझी. आता दाणा बघ, किती आखूड आणि एकसारखा..."

ती बोलतच राहिली. आर्विडने पुन्हा काही विचारलं नाही.

तिने मधल्या दारूची काडतुसं भरली, आणि सरावाच्या पहिल्या फेरीला खडीच्या खाणीत बंदूक गोड चालली. तिथे जमिनीवर सायमा नेहमी एक जुनी गोधडी अंथरायची, म्हणजे बाहेर पडलेल्या पुंगळ्या शोधत गवतात रांगायला नको. सगळ्या पुंगळ्या मुकाट गोधडीवर येऊन पडल्या. निशाणाच्या कागदावरची भोकं मात्र इकडेतिकडे सांडलेली होती. "हात बसेल," सायमा म्हणाली, आणि रविवारी चर्चच्या बायकांबरोबर पास्ट्या भरायला निघून गेली. कीमा-बटाट्याच्या त्या करंज्या विकून चर्चची भट्टी दुरुस्त व्हायची होती. दिवसभर तिथेच होती ती.

दुसऱ्या फेरीला आर्विडने काडतुसांची डबी स्वतःच खिशातून काढली. सायमाने गोधडी अंथरली. पहिली गोळी सुटली आणि पुंगळी गोधडीच्या डोक्यावरून जी उडाली ती थेट पलीकडच्या झुडपांत. दुसरी तिच्याही पुढे.

"थांब," सायमा म्हणाली.

"का?"

"थांब म्हणते ना! बोट काढ चापावरून."

ती झुडपांत शिरली, गुडघाभर ओल्या गवतात वाकून दोन्ही पुंगळ्या हुडकून आणल्या आणि डोळ्यांशी धरल्या. मागची कड ओरबाडलेली होती. बंदुकीने पुंगळी अलगद काढली नव्हती, हिसकून फेकली होती.

"ही माझी काडतुसं नाहीत."

"तुझ्याच टेबलावरची आहेत," आर्विड म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

खाणीपासून घरापर्यंत गाडीत ती एक अक्षर बोलली नाही. सायमा गप्प बसली की घरातली मांजरसुद्धा कपाटावर चढायची. घरी येताच तिने बंदूक उघडून आतली दांडी बाहेर काढली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर काच ठेवली आणि दांडी काचेवरून गडगडवली. एकदा गडगडवली, फिरवून पुन्हा गडगडवली. खाली कुठे उजेड दिसला नाही. सरळ होती. तिने मोठ्याने श्वास सोडला. मग डबीतलं एक काडतूस गोळी उपटायच्या हातोडीसारख्या साच्यात घालून फरशीवर आपटलं, गोळी निघाली, आणि आतली दारू तिने पांढऱ्या बशीत ओतली.

लांब लांब दाणे होते.

"आर्विड!"

तो दारातच उभा होता.

"मंद दारू? माझ्या टेबलावर बसून, माझ्या माघारी, या बंदुकीत मंद दारू? अरे, शेंबडं पोर तरी असं करेल का! समोर बसवून सांगितलं, डबा दाखवला, निसू खाऊ घातला! आणखी दहा-वीस मारल्या असत्यास तर दांडी वाकली असती आणि तुझा सीझन तिथेच संपला असता! व्हेर्नरला काय तोंड दाखवणार होतास?"

"तूच म्हणालीस ती मंद आहे."

"मग?"

"मंद म्हणजे..." आर्विडने डाव्या हाताने उजवा दंड चोळला. "मंद म्हणजे मऊ ना? हळू जळणार, हळू ढकलणार. मला वाटलं, खांद्याला बरं पडेल."

सायमाने कपाळावर हात मारला. "मंद म्हणजे मऊ नव्हे, बाबा! मंद म्हणजे उशिरापर्यंत जोर लावणारी. गोळी त्या भोकापाशी पोचते तरी हिचा जोर ओसरलेला नसतो. सगळी वाफ त्या दांडीच्या बोडक्यावर! साध्या बंदुकीत ती शहाणी वागते, कारण तिथे भोकच नाही. या बंदुकीत तिच्याइतकी द्वाड दुसरी नाही. आणि धक्का काय कमी बसला का तुला? बसला का कमी?"

"नाही."

हे "नाही" तो इतक्या हळू म्हणाला की सायमाच्या तोंडातलं पुढचं वाक्य तिथेच राहिलं. तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. आतापर्यंत ती पुंगळ्या बघत होती, दांडी बघत होती, दाणे बघत होती. आर्विडचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"शर्ट काढ."

"काही नाही गं."

"काढ म्हणते!"

खांदा शिवणीच्या वरपासून काखेपर्यंत काळानिळा पडला होता. काही डाग ताजे होते, काही पिवळे पडत चाललेले. म्हणजे तिच्या त्या मधल्या दारूनेसुद्धा, त्या "चैन आहे तुझी"वाल्या काडतुसांनीसुद्धा त्याला ठोकून काढलं होतं. आणि हा माणूस मूग गिळून बसला होता.

"बोलला का नाहीस?"

"विचारलं होतं की, धक्का किती बसेल म्हणून." तो खुर्चीवर बसला. "तू म्हणालीस निम्मा. निम्मासुद्धा झेपत नाही मला, सायमा. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात माझे. कागद बघितलास ना? डोळे मिटून गोळ्या मारणारा माणूस जंगलात नेऊ नये कोणी. एकदा ही मंद दारू बघतो, नाही जमलं तर व्हेर्नरला सांगून टाकतो, असं ठरवलं होतं मी."

"काय सांगून टाकणार होतास?"

"की माझं झालं आता."

सायमाला स्वतःचाच असा राग आला की तिने बशीतली दारू रागारागाने गोळा करून बाटलीत भरली आणि झाकण उलटंच लावलं. पितळेवरचा ओरखडा तिला दहा पावलांवरून दिसतो, आणि पलीकडे झोपणाऱ्या नवऱ्याचा खांदा दिसला नाही! कसली गं तू कसबी, असं ती स्वतःलाच म्हणाली. मग तिने त्याच्या खांद्यावर मलम लावलं, जरा जास्तच जोरात, आणि खाली तळघरात निघून गेली.

टेबलाशी बसून तिने सगळं पहिल्यापासून मांडलं. बंदूक खूश ठेवायची तर मधली दारू लागणार, आणि मधली दारू आर्विडला सोसत नाही. आर्विडला सोसेल असं काडतूस हवं असेल तर जलद दारू घ्यायला हवी, अगदी थोडी, पुंगळीच्या तळाशी चिमूटभर. जलद दारू झटक्यात पेटते आणि झटक्यात दमते. गोळी हलकी घेतली की मचाणापासून ओढ्यापर्यंत, जिथे हरणं पाण्याला येतात, तेवढं अंतर ती काम चोख करेल. धक्का बसेल तो पोराने कोपर मारावं तेवढा. पण गोळी त्या भोकापाशी येईपर्यंत धुराचा जीव गेलेला असणार. दांडी हलणार नाही, पुंगळी बाहेर येणार नाही, पुढचं काडतूस आत जाणार नाही. आपोआप भरणारी बंदूक आपोआप काहीच करणार नाही.

म्हणजे सायमा निस्कालाच्या हातचं काडतूस अडकणार. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही ठरवून.

तिच्या अगदी जिवावर आलं. कॅम्पवर ही गोष्ट कळली की व्हेर्नर ती नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरवून पुरवून सांगणार, याबद्दल तिला शंका नव्हती. तिने जलद दारूचा डबा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"सांगू दे मेल्याला," ती मोठ्याने म्हणाली आणि कामाला लागली.

एवढ्याशा दारूत एक धोका असतो. पुंगळी जवळजवळ रिकामीच राहते, त्यामुळे चुकून दुसऱ्यांदा दारू पडली तरी वरून कळत नाही, आणि मग बंदुकीबरोबर माणूसही जायचा. म्हणून सायमाने दारूचं एकेक माप काट्यावर तोलून एकेकच पुंगळी भरली, तिच्यात बॅटरी मारून तळ पाहिला, आणि लगेच वर गोळी बसवूनच पुढची हातात घेतली. आर्विड मधे एकदा जिन्यावर येऊन उभा राहिला. ती मान वर न करता म्हणाली, "काम चालू असताना माझ्याशी बोलायचं नाही." तो बोलला नाही, पण तिथेच पायरीवर बसून राहिला.

खाणीत या वेळी व्हेर्नरही आला. आपल्या बंदुकीची काळजी, दुसरं काय. पिकअपच्या फळीवर बसून त्याने थर्मास उघडला.

"चला, बघू दे सायमाबाईंचं नवं कसब."

"तोंडाला कुलूप लाव," सायमा म्हणाली. तिने आदल्या दिवशी एकटीने येऊन पहिली गोळी स्वतः मारून बघितली होती. सगळं ठीक होतं, म्हणून आता तिने बंदूक आर्विडच्या हातात दिली आणि ती त्याच्या अगदी जवळ जाऊन बसली. या वेळी तिने कागदाकडे पाहिलं नाही, गोधडीकडे पाहिलं नाही. त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहिली.

आर्विडने दस्ता खांद्याला लावला. डोळा बारीक झाला, पापणी थरथरली आणि चापाबरोबर घट्ट मिटली. फट्ट! एवढासा आवाज झाला. आर्विडने डोळे उघडले, खांद्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"सुटली?"

"सुटली तर! कागद बघ."

पण तेवढ्यात व्हेर्नर फळीवरून उतरला होता. "अरे, पुंगळी कुठाय? बाहेरच आली नाही! फुसकं निघालं! सायमाचं काडतूस फुसकं निघालं रे! देवा, हे बघायला बाबा असायला हवे होते!"

"फुसकं नाही, तसंच भरलंय," सायमा म्हणाली. "हाताने ओढायची मूठ. जुन्या बंदुकीसारखी. ओढ रे आर्विड."

आर्विडने बाजूची मूठ धरली आणि मागे ओढली. ती बोटभर आली, आतल्या स्प्रिंगने तिला परत खेचून घेतलं, आणि आर्विडच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मग बंदूक मांडीत धरून डाव्या हाताने वळसा घालून ओढायला गेला, तर बंदूकच निसटायला लागली. व्हेर्नरचं हसू थांबलं.

दारू, गोळी, धक्का, अंतर, सगळं सायमाने मोजलं होतं. मूठ ओढायलाही तोच खांदा लागतो, हे मात्र तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

आर्विडने हात मांडीवर ठेवले. "जाऊ दे," तो म्हणाला. "तू पुष्कळ केलंस."

"जाऊ दे काय, जाऊ दे!" सायमाने हात लांब केला आणि मूठ खाडकन मागे ओढली. पुंगळी तिच्या तळहातावर पडली, नवं काडतूस आत सरकलं. "हं. मार."

त्याने मारली, तिने ओढली. त्याने पुन्हा मारली, तिने पुन्हा ओढली. चौथ्या-पाचव्या गोळीला त्याचे डोळे उघडे राहिले. सायमाने ते पाहिलं आणि मूठ आणखी जोरात ओढली. कागदावरची भोकं जवळजवळ येत चालली होती, शेवटी शेवटी तर एका कपाखाली झाकली जातील इतकी. आर्विडच्या चेहऱ्यावर उन्हाळ्यापासून हरवलेला रंग परत आला.

"बरं आहे, मान्य," व्हेर्नर म्हणाला. "पण एक सांगा, कॅम्पवर मूठ कोण ओढणार? मी काही माझं मचाण सोडून याच्या शेजारी बसायचा नाही."

"तुला बोलावलंय कोणी?" आर्विड म्हणाला. "ही येईल."

व्हेर्नरने कप खाली ठेवला. निस्कालांच्या कॅम्पवर सीझनमध्ये बाईमाणूस कधी राहिलं नव्हतं. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण त्यांच्या वडिलांनी ते घर बांधलं तेव्हापासून तसंच चालत आलं होतं. बायका उन्हाळ्यात जाऊन जाळी-जळमटं काढून यायच्या, तेवढंच. ज्या मचाणासाठी सायमाने इतकी वर्षं काडतुसं भरली, तिथून ओढा कसा दिसतो हे तिला माहीत नव्हतं.

"आर्विड, बाकीचे काय म्हणतील?" व्हेर्नर म्हणाला. "बाबांपासूनची रीत आहे."

"बाकीच्यांना विचार, पुढच्या वर्षी काडतुसं कोण भरून देणार आहे ते."

व्हेर्नरने थर्मासमधून आणखी कॉफी ओतून घेतली. "वरच्या खाटेवर झोपावं लागेल तिला," तो पुटपुटला. "खालची माझी आहे."

सायमाला खरं म्हणजे रडू येत होतं. पण इतक्या वर्षांची सवय अशी सुटते थोडीच! तिने बंदूक रिकामी केली, पुंगळ्या खिशात टाकल्या आणि कमरेवर हात ठेवून नवऱ्यासमोर उभी राहिली.

"मला विचारलं का कोणी? मी येईन म्हणून कोणी सांगितलं? एवढा ताठा कशाला, माझ्याशिवाय जमत नाही म्हण ना सरळ!"

नेहमीसारखं तो काहीतरी उलट बोलेल म्हणून ती वाट बघत होती.

"नाही जमत," आर्विड म्हणाला.